मुदत संपलेला कायदा, रद्द झालेला कायदा आणि तुमच्या हातातला ब्राझीलचा करार

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पुण्यातल्या कंपनीने ब्राझीलमधली एक लहान कंपनी विकत घेतली आहे आणि तिथल्या कामगार करारांची इंग्रजी भाषांतरं तपासायचं काम तुमच्याकडे आलं आहे. त्यात एप्रिल २०२० मधला एक करार आहे. टाळेबंदीत घरी बसलेल्या कामगारांनी न केलेले तास पुढे भरून द्यायचे, असा तो हिशेब. तिकडे त्याला ‘बांको दे ओरास’ म्हणतात, म्हणजे तासांची बँक. करार उभा आहे ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया ९२७’ वर, म्हणजे ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या एका हुकुमावर. मूळ पोर्तुगीज टिपणात लिहिलं आहे की या ९२७ ची ‘विजेन्सिया’, म्हणजे अंमल, संपली. एका इंग्रजी भाषांतरात त्याला ‘टेंपररी लेजिस्लेशन’ म्हटलं आहे, तर दुसऱ्यात ‘रिपील्ड ऑर्डिनन्स’, म्हणजे रद्द केलेला वटहुकूम. तुम्ही विचारता : हे सगळं एकच का? आणि कायदा तात्पुरता होता, तो संपला, तर त्यावरचा करारही संपला का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचंही बहुतेक ‘नाही’च, पण त्यातला ‘बहुतेक’ महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे मी शेवटी येईन. मी गेली बरीच वर्षं पोर्तुगीज आणि इंग्रजी कायदेशीर कागदांचं काम करतो, काही गोव्यातल्या जुन्या मिळकतींचे, काही ब्राझील-पोर्तुगालच्या व्यवहारांचे. या कामात गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. लोक विचारतात, हा कायदा तात्पुरता आहे का. खरा प्रश्न असतो, तो संपल्यावर त्याच्या काळात झालेल्या गोष्टींचं काय होतं. याचं उत्तर ‘तात्पुरता’ या विशेषणात कधीच नसतं. ते त्या देशाच्या संविधानात, अर्थनिर्णयाच्या कायद्यात किंवा त्याच कायद्यातल्या एखाद्या व्यावृत्ती कलमात, म्हणजे मागचे हक्क आणि खटले वाचवणाऱ्या कलमात, दडलेलं असतं.

आधी इंग्रजी परंपरा घेऊ, कारण ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ‘टेंपररी’ कायदा म्हणजे ज्याच्या पोटातच शेवटची तारीख आहे असा कायदा. ती तारीख आली की तो आपोआप व्यपगत होतो, विधिमंडळाला वेगळं काही करावं लागत नाही. निरसन ही वेगळी गोष्ट. तिथे दुसरा कायदा येऊन पहिल्याला काढून टाकतो. रोजच्या बोलण्यात दोन्हीला आपण ‘कायदा रद्द झाला’ म्हणतो, पण परिणाम सारखे नसतात. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट आहे. त्याचं कलम ६ सांगतं की कायद्याचं निरसन झालं तरी त्याखाली मिळालेले हक्क, आलेल्या जबाबदाऱ्या, झालेले गुन्हे आणि चालू खटले वाचतात. पण हे कलम निरसनापुरतंच आहे. मुदत संपून गेलेल्या कायद्याला ते लागू होत नाही. १९५१ मध्ये एस. कृष्णन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण नियम सांगून ठेवला : वेगळी तरतूद नसेल तर तात्पुरत्या कायद्याखाली चालू असलेली कारवाई तो कायदा संपताच थांबते.

इंग्लंडने आपल्या घरात हा फरक मिटवून टाकला आहे. तिथल्या १९७८ च्या इंटरप्रिटेशन अॅक्टच्या कलम १६ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की तात्पुरत्या कायद्याची मुदत संपली तर त्याचं निरसन झालं असं समजूनच मागचे हक्क आणि खटले सांभाळायचे. म्हणजे भाषा तीच, परंपरा तीच, शब्दही तोच, तरी लंडनमधलं उत्तर आणि दिल्लीतलं उत्तर वेगळं. ‘टेंपररी लेजिस्लेशन’ असं भाषांतर करून मोकळं होणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो : कुठल्या देशातलं टेंपररी?

भारतात मग काम कसं चालतं? कायदा करणारे व्यावृत्ती कलम त्याच कायद्यात घालून ठेवतात. महाराष्ट्रातल्या कुणालाही ओळखीचं उदाहरण म्हणजे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा. १९८७ चा हा कायदा मुळातच मुदतीचा होता. त्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली आणि मे १९९५ मध्ये तो व्यपगत झाला. मुंबईतले बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३ चे. टाडा न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवायला सुरुवात केली २००६ मध्ये, शिक्षा सुनावून झाल्या २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला मार्च २०१३ मध्ये. म्हणजे कायदा जाऊन अकरा वर्षं झाल्यावर त्याच कायद्याखाली लोक दोषी ठरत होते. हे शक्य झालं ते टाडाच्या कलम १ च्या पोटकलम ४ मुळे. मुदत संपली तरी आधीचा तपास, खटले आणि शिक्षा यांना बाधा येणार नाही, असं तिथे लिहून ठेवलं होतं. ते चार ओळींचं पोटकलम नसतं तर तो खटला मे १९९५ मध्येच अधांतरी झाला असता.

फौजदारी कायद्यात हा मुद्दा किती जिव्हाळ्याचा आहे हे पोर्तुगीज परंपरेने फार लवकर ओळखलं. त्या परंपरेत एक मोठं तत्त्व आहे : गुन्ह्यानंतर कायदा सौम्य झाला तर आरोपीला त्याचा फायदा द्यायचा. हे तत्त्व तात्पुरत्या कायद्याला लावलं तर प्रत्येक आरोपी शेवटच्या तारखेपर्यंत खटला लांबवेल आणि सुटेल. म्हणून ब्राझीलच्या दंडसंहितेचं कलम ३ सांगतं की ‘लेय तेंपोरारिया’ (तात्पुरता कायदा) किंवा ‘लेय एक्सेप्सियोनाल’ (अपवादात्मक कायदा) संपली, तरी तिच्या काळात झालेल्या कृत्याला तीच लागू राहील. पोर्तुगालच्या दंडसंहितेचं कलम २ हेच सांगतं. याचं नेटकं उदाहरण म्हणजे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलने केलेला कायदा, २०१२ चा क्रमांक १२,६६३. फीफाच्या अधिकृत चिन्हांची नक्कल वगैरे काही नवे गुन्हे त्यात होते आणि त्या गुन्ह्यांची व्याख्या ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतच जिवंत राहील असं त्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं. जुलै २०१४ मध्ये खोटी चिन्हं विकणाऱ्याचा खटला २०१६ मध्ये उभा राहिला, तरी ‘आता तो गुन्हाच उरला नाही’ हा बचाव चालत नाही. आपल्याकडे टाडासाठी जे वेगळं पोटकलम लिहावं लागलं, ते तिथे दंडसंहितेतच कायमचं बसवलेलं आहे.

आता वरचे दोन शब्द बघा. तेंपोरारिया म्हणजे जिच्यात तारीख आहे. एक्सेप्सियोनाल म्हणजे जिच्यात तारीख नाही, पण जी एखाद्या परिस्थितीला बांधलेली आहे : युद्ध, पूर, साथ. परिस्थिती सरली की कायदाही सरला. इंग्रजीत या दोन्हींना सहज ‘टेंपररी’ म्हटलं जातं आणि व्यवहारात त्यामुळे अडचण होते, कारण तारीख कॅलेंडरवर दिसते, परिस्थिती कधी संपली हे कुणीतरी ठरवावं लागतं. पोर्तुगालच्या नागरी संहितेचं कलम ७ आणि ब्राझीलच्या १९४२ च्या अर्थनिर्णय कायद्याचं कलम २, दोन्हींचा गाभा एकच आहे : कायदा तात्पुरत्या अंमलासाठी केलेला नसेल तर दुसरा कायदा त्याला काढेपर्यंत तो चालू राहतो. दुसऱ्याने काढणं म्हणजे ‘रेव्होगासांव’. आपलं आपण संपणं म्हणजे ‘कादुसिदाद’. पण साथ संपली म्हणून कायदा आपोआप संपला असं धरायचं की नाही, यावर वकील भांडत बसतात. पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये कोविडसाठी ‘अपवादात्मक आणि तात्पुरत्या’ उपायांचे कायदे केले. त्यातला कायदा १-अ/२०२० हा सर्वांत परिचित. यांपैकी बऱ्याच तरतुदींना शेवटची तारीखच नव्हती. अखेर जुलै २०२३ मध्ये वेगळा कायदा, क्रमांक ३१/२०२३, करून साथीच्या काळातल्या अनेक कायद्यांचा अंमल संपल्याचं जाहीर करावं लागलं. नावातच ‘तात्पुरता’ असलेला कायदा संपवायला नवा कायदा लागला. म्हणून कागद तपासताना शीर्षकावर जाऊ नका, शेवटची कलमं वाचा.

शीर्षकावर न जाण्याचं दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा मुदतीचा कायदा होता, हे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या पागडीच्या घरात राहिलेल्या अनेकांना ठाऊक नसतं. १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं हा प्रमाणित भाड्याचा पाया. कायद्याची मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवायचं, आणि असं अर्धशतक चाललं. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी आणि मनमानी झालं आहे. तरीही न्यायालयाने त्या तरतुदी लगेच रद्द ठरवल्या नाहीत. कारण काय, तर कायद्याची चालू मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणारच होती. मग आणखी मुदतवाढ झाली आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. या प्रकरणात तात्पुरतेपणाने कायद्याला न्यायालयात संरक्षण दिलं, हे मला आजही अस्वस्थ करतं. जो कायदा ‘लवकरच जाणार’ आहे त्याची परीक्षा सौम्य होते, आणि तो जात नाही. ब्रिटनचा १९७४ चा दहशतवादविरोधी कायदा असाच. बर्मिंगहॅमच्या स्फोटांनंतर आठवड्याभरात संमत झालेला, नावातच ‘तात्पुरत्या तरतुदी’ असलेला. वेगवेगळ्या रूपांत तो शतक संपेपर्यंत टिकला. ब्राझीलमध्ये बँक व्यवहारांवरचा ‘सीपीएमएफ’ कर नावानेच ‘प्रोव्हिझोरिया’ होता. १९९७ मध्ये वसुली सुरू झाली, मुदतवाढी मिळत गेल्या, आणि डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या सिनेटने पुढची मुदतवाढ नाकारली तेव्हा कुठे तो थांबला.

आता तुमच्या ९२७ कडे. ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’ हा ‘लेय तेंपोरारिया’चा प्रकार नाही, आणि तुमच्या पहिल्या भाषांतराची चूक इथेच आहे. तात्पुरता कायदा हा संसदेने पूर्ण विचाराने केलेला, पण मुदतीचा कायदा असतो. मेदिदा प्रोव्हिझोरिया हा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम असतो. तो निघताक्षणी कायद्याइतका प्रभावी असतो, पण संसदेने स्वीकारला तरच टिकतो. तो कायम होण्याच्या अपेक्षेनेच निघतो. मुदत आहे ती संसदेच्या निर्णयाची. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाचं कलम ६२ याचं घर. मूळ मजकुरात मुदत ३० दिवसांची होती आणि तोच हुकूम पुन्हा पुन्हा काढायला स्पष्ट बंदी नव्हती. त्यामुळे हुकुमांच्या साखळ्या तयार झाल्या. १९९४ मध्ये रिआल हे नवं चलन आणणारी योजना अशाच हुकुमावर उभी राहिली आणि तो पुन्हा पुन्हा काढत जून १९९५ मध्ये तिचा कायदा झाला. देशाचं चलन वर्षभर महिन्या-महिन्याच्या हुकुमांवर चाललं होतं.

यावर सप्टेंबर २००१ मध्ये ३२ वी घटनादुरुस्ती आली. आता मुदत ६० दिवस, एकदाच आणखी ६० दिवस, संसदेच्या सुट्टीत घड्याळ थांबतं, ४५ दिवसांत निर्णय झाला नाही तर विषय सभागृहात तातडीचा ठरतो, आणि नाकारलेला किंवा मुदत संपलेला हुकूम त्याच वार्षिक अधिवेशनकाळात पुन्हा काढता येत नाही. याच दुरुस्तीत एक कलम असं होतं की त्या दिवशी अंमलात असलेले जुने हुकूम संसद किंवा नवा हुकूम त्यांना काढेपर्यंत चालू राहतील. त्याचा परिणाम आजही तुमच्या फाइलमध्ये दिसेल. ब्राझीलमधल्या डिजिटल स्वाक्षरीची अधिकृत व्यवस्था ज्यावर उभी आहे तो हुकूम, क्रमांक २२००-२, ऑगस्ट २००१ चा आहे. कराराच्या तळाशी डिजिटल प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तर त्याचा आधार बहुधा हाच. नाव ‘प्रोव्हिझोरिया’, आणि दोन दशकं उलटून गेली तरी पूर्ण अंमलात. तो ‘मुदत संपलेला असणार’ असं समजून कुणी त्यावर लाल शेरा मारू नये म्हणून मुद्दाम सांगतो.

मग हा हुकूम म्हणजे आपला वटहुकूम का? जवळचा नातेवाईक म्हणता येईल, आणि भाषांतरात कंसात तसं सांगायला हरकत नाही. पण मुदत मोजण्याची रीत वेगळी आहे आणि मेल्यानंतरचं उत्तर तर जवळजवळ उलटं आहे. आपल्या संविधानाच्या कलम १२३ आणि २१३ प्रमाणे वटहुकूम विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी संपतो. म्हणजे घड्याळ हुकुमाच्या तारखेपासून सुरू होत नाही, अधिवेशनापासून होतं. वटहुकूम पुन्हा पुन्हा काढण्याचा रोग आपल्याकडेही होता आणि तो उजेडात आणण्याचं श्रेय पुण्याला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी बिहारचे कागद खणून दाखवलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. त्यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाविरोधी ठरवली.

पण संपलेल्या वटहुकुमाने दिलेल्या हक्कांचं काय, याचं आजचं उत्तर यायला जानेवारी २०१७ उजाडला. पुन्हा बिहारच. ४२९ संस्कृत शाळा १९८९ च्या वटहुकुमाने सरकारने ताब्यात घेतल्या, एकापाठोपाठ एक वटहुकूम निघत राहिले आणि १९९२ मध्ये शेवटचा संपला, कायदा झालाच नाही. शिक्षकांचं म्हणणं होतं, आम्ही एकदा सरकारी नोकर झालो ते झालोच. त्याआधी १९६२ पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी होती की टिकाऊ स्वरूपाचे हक्क वटहुकूम संपल्यावरही राहू शकतात. कृष्णकुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालात सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने ती भूमिका सोडली. आता नियम असा की संपलेल्या वटहुकुमाचे परिणाम आपोआप टिकत नाहीत. ते टिकवणं लोकहितासाठी किंवा घटनात्मक गरजेपोटी आवश्यक आहे हे दाखवावं लागतं. शिक्षकांना सरकारी नोकरीचा हक्क मिळाला नाही. दिलेले पगार मात्र परत घ्यायचे नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं.

ब्राझीलमध्ये काय? कलम ६२ आधी म्हणतं की स्वीकारला न गेलेला हुकूम निघाल्या दिवसापासूनच प्रभाव गमावतो, आणि मधल्या काळातल्या संबंधांचं काय करायचं हे संसदेने ठरावाने सांगावं. इथेच वाचणं थांबवलं तर वाटतं की तुमचा करार हवेत विरला. पण २००१ च्या दुरुस्तीने खाली ११ वं पोटकलम जोडलं आहे. हुकूम नाकारला गेल्यावर किंवा संपल्यावर ६० दिवसांत संसदेने असा ठराव केला नाही, तर हुकुमाच्या काळात झालेल्या कृतींतून निर्माण झालेले कायदेशीर संबंध त्याच हुकुमाने नियंत्रित होत राहतात. ब्राझीलची संसद असे ठराव क्वचितच करते, आणि ९२७ बाबतही तो केलेला नाही. म्हणून हे अपवादासारखं लिहिलेलं पोटकलमच तिथला रोजचा नियम झालं आहे.

इथवरचं थोडक्यात : तात्पुरता कायदा स्वतःच्या तारखेने संपतो, प्रोव्हिझोरिया हुकूम संसदेने उचलून न धरल्याने संपतो, आणि निरसन म्हणजे तिसऱ्या कुणी येऊन काढणं. मागे काय उरतं हे देशागणिक बदलतं. आणि ब्राझीलमध्ये, ठराव नसेल तर, मधल्या काळातलं उरतं.

तुमचा करार आता या चौकटीत ठेवू. ९२७ निघाला २२ मार्च २०२० रोजी. एकदा मुदत वाढली आणि १९ जुलै २०२० रोजी मतदान न होताच तो संपला. त्याचा भाऊ म्हणावा असा ९३६, म्हणजे कामाचे तास आणि पगार कपातीचा हुकूम, १ एप्रिलचा. तो मात्र संसदेने स्वीकारला आणि ६ जुलैला त्याचा कायदा १४,०२० झाला. तुमच्या फाइलमध्ये दोन्हींवरचे करार एकत्र बांधलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते वेगळे करा, दोन्हींना एकच शेरा लावू नका.

९२७ च्या कलम १४ ने सामूहिक किंवा लेखी वैयक्तिक कराराने तासांची बँक उघडायला परवानगी दिली होती, आणि तास भरून द्यायला आपत्तीची स्थिती संपल्यापासून १८ महिन्यांपर्यंत वेळ होता. भरपाई दिवसाला दोन तासांपर्यंत, आणि एकूण काम दहा तासांपलीकडे जायचं नाही. आपत्तीची स्थिती संसदेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मान्य केली होती, त्यामुळे हा कालावधी २०२२ च्या मध्यापर्यंत पोचतो. तिथल्या नेहमीच्या कामगार संहितेत लेखी वैयक्तिक कराराला फक्त सहा महिने मिळतात. फरक केवढा आहे बघा. एप्रिल २०२० मधला लेखी करार, त्याखाली एप्रिल ते १९ जुलै दरम्यान साचलेले तास आणि त्यांची १८ महिन्यांत भरपाई, हे ११ व्या पोटकलमाच्या आधाराने उभं राहतं. माझ्या मते इथे फारशी शंका नाही.

‘बहुतेक’ येतो तो १९ जुलैनंतर साचलेल्या तासांपाशी. एक मत असं की संबंध करारावर सहीच्या दिवशी निर्माण झाला, म्हणून नंतरचे तासही त्याच छत्राखाली. दुसरं मत असं की प्रत्येक न केलेला तास हे नवं कृत्य, त्यामुळे १९ जुलैनंतरच्या तासांना नेहमीची संहिता लागू. मी सावध बाजूने सल्ला देतो : नंतरचे तास वेगळ्या रकान्यात काढा आणि त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा नियम धरून जोखीम मोजा. करार युनियनमार्फत झाला असेल तर संहितेचीच मुदत एक वर्षापर्यंत जाते, तेव्हा ही जोखीम बरीच कमी होते. २० जुलै २०२० नंतर सही झालेला एखादा करार ९२७ चा हवाला देत असेल, तर त्याला मात्र ११ वं पोटकलम वाचवत नाही.

घरून काम करण्याच्या नोटिसांचंही तसंच बघा. ९२७ मध्ये मालक एकतर्फी, ४८ तासांच्या नोटिशीने माणसाला घरून कामाला लावू शकत होता. मे २०२० ची तशी नोटीस चालते. ऑगस्ट २०२० ची चालत नाही, तिला संहितेप्रमाणे दोघांची संमती लागते.

एक बाब गोव्यातल्या वाचकांसाठी, कारण त्यांच्यापैकी कुणीतरी हे वाचून घरातले कागद काढणारच. पोर्तुगीज कागदातलं ‘देक्रेतो-लेय’ म्हणजे वटहुकूम नव्हे. पोर्तुगालमध्ये सरकारला स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार आहे, देक्रेतो-लेय हा त्याचा नेहमीचा मार्ग, आणि तो संसदेच्या मान्यतेअभावी आपोआप संपत नाही. ब्राझीलची दंडसंहितासुद्धा १९४० चा देक्रेतो-लेय आहे. त्याहून बोलकं उदाहरण गोव्याचंच. ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतर पोर्तुगालमध्ये जे हंगामी सरकार आलं, त्याने ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा आणि २५ डिसेंबर १९१० रोजी विवाहाचा हुकूम काढला. सरकार हंगामी होतं, हुकूम कायम होते. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने, सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, जुने कायदे चालू ठेवले आणि त्यामुळे हे हुकूम गोव्याच्या न्यायालयांत पुढेही चालत राहिले. ‘रद्द होईपर्यंत’ हे शब्द पाहून त्याला तात्पुरती व्यवस्था समजणारे भेटतात. तारीखही नाही आणि परिस्थितीची अटही नाही, म्हणजे तो मुदतीचा कायदा नाही. असा कागद हातात आला तर आधी १९६२ नंतर गोव्याच्या विधानसभेने त्या विषयावर काही केलं का ते शोधा. उदाहरणार्थ वारसाहक्क आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची न्यायालयीन कारवाई, याबाबत २०१२ चा नवा कायदा आहे आणि तो २०१६ मध्ये लागू झाला.

तुमच्या अहवालासाठी शब्द सुचवतो. ९२७ पुढचा ‘रिपील्ड’ हा शब्द काढून टाका. ‘राष्ट्राध्यक्षांचा प्रोव्हिझोरिया हुकूम; संसदेने स्वीकारला नाही; १९ जुलै २०२० रोजी व्यपगत; संविधान कलम ६२ पोटकलम ११ प्रमाणे तोपर्यंतचे संबंध कायम’ एवढी तळटीप पुरते. पोर्तुगीज नाव मुळातलंच ठेवा, त्याला इंग्रजी पर्याय चिकटवून वाचणाऱ्याला भारतीय किंवा इंग्लिश नियम गृहीत धरायला लावू नका. आणि अहवाल पुढे पाठवण्याआधी कराराच्या मूळ प्रतीवरची सहीची तारीख, करार वैयक्तिक की सामूहिक, आणि कामगारनिहाय तासांचा तक्ता, हे तीन कागद साओ पावलोच्या तुमच्या वकिलाकडून मागवून घ्या. तक्ता महिनावार असेल तर जुलै २०२० चा महिना १९ तारखेला तोडून मागा. तो तसा सहसा कुणी स्वतःहून देत नाही.